रेडिएटरमधलं पाणी

माझी शेवटून दुसरी पोस्टिंग लडाखला होती. मी एमटीत, म्हणजे युनिटच्या गाड्यांच्या विभागात, हवालदार होतो. गावाकडं लोक विचारतात, किती गोळ्या झाडल्या? मी सांगतो, गोळ्या कमी, बोनेटंच जास्त उघडली. मग ते हिरमुसतात. हिवाळ्यात तिथं आमची लढाई गाडी सुरू करण्याशीच असायची. फॉल-इनच्या, म्हणजे सकाळच्या हजेरीच्या, आधी प्रत्येक ड्रायव्हरनं ऑइल, बॅटरी, टायर आणि कूलंट, म्हणजे रेडिएटरमधलं न गोठणारं द्रव, तपासून रिपोर्ट द्यायचा. यात कुणी हयगय केली की मी तोंड सोडायचो.

त्या ड्रायव्हरांत नायक गुलाब राठोड माझ्या जिल्ह्यातला. मी कळमनुरीकडचा धनगर, तो कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावरचा बंजारा. अख्ख्या युनिटमध्ये आमच्या बोलीत बोलायला मला तो एकटाच होता. तो गेल्यापासून दर उन्हाळ्यात मी त्याच्या तांड्यावर एक चक्कर मारतो. त्याच्या आईला सगळे याडी म्हणतात, त्यांच्या बोलीत आई. मीही तेच म्हणतो. चहा घेतो आणि परत येतो. गुलाबचा विषय आम्ही कुणीच काढत नसू.

यंदा गेलो तर अंगणात एक जुनी जीप उभी होती. गुलाबच्या धाकट्या भावानं, विलासनं, नाका ते हिंगोली सवारी मारायला ती नुकतीच घेतली होती. तो हातात बादली घेऊन बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतत होता.

"हे काय करून राहिला?"

"पाणी पाजून राहिलो, दादा. लई तापते. प्रत्येक थांब्यावर पाजावं लागते."

"कूलंट काहून न्हाई टाकत?"

तो हसला. "इथं कुठं बर्फ पडून राहिला? आमचे आजे-पणजे बैलांवर माल लादून मुलूखभर फिरायचे. पाणी दिसलं की आधी बैलाला, मग माणसाला. तीच सवय हाय आमाला."

"ठेव ती बादली खाली!"

मी परेडवर ओरडतो तसा ओरडलो. शेळ्यासुद्धा दचकून उठल्या. विलासचा चेहरा पडला, पण बादली त्यानं खाली ठेवली.

इंजिन गार होईपर्यंत आम्ही लिंबाखाली बसलो. मग खालचा नळ सोडला. चहासारखं तांबडं पाणी आलं, आणि त्यात गंजाचे कपचे. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती, ते घरातल्या हंड्याच्या बुडाला दिसतं. तोच थर इंजिनाच्या आत बसतो आणि गाडी आणखी तापते. निघालेलं पाणी मी डब्यात धरायला लावलं. जुन्या मालकानं कधी कूलंट टाकलं असेल तर त्याचा अंश त्यात असणार. ते चवीला गोड असतं. शेळीनं तोंड लावलं तर शेळी जाते.

विलास नाक्यावर जाऊन आला. "हिरवं बी हाय, गुलाबी बी हाय. हिरवं भारी दिसून राहिलं."

"रंग बघून लुगडं घेतात. गाडीच्या पुस्तकात जी जात लिहिली असंल ती आण. आन् बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आण."

पाणी स्वच्छ निघेपर्यंत आम्ही आतून धुतलं. होज, म्हणजे पाण्याचे रबरी पाइप, दाबून पाहिले. एक चिरला होता, तो बदलला. झाकणाचं रबर कडक झालं होतं, तेही बदललं. मग अर्धं कूलंट आणि अर्धं डिस्टिल्ड वॉटर सावकाश भरलं, म्हणजे आत हवा अडकत नाही.

"दादा," विलास म्हणाला, "पाण्यापायी एवढं काहून चिडले तुमी?"

घरच्यांना फौजेनं सांगितलं होतं, बर्फ कोसळला. ते खरंच होतं. पण आधी काय झालं ते त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं.

वरच्या पोस्टवर एका जवानाच्या फुफ्फुसात पाणी भरलं होतं. त्याला खाली नेलं नाही तर तो वाचणार नव्हता. आमची अँब्युलन्स वर्कशॉपला होती. बदली गाडी आदल्या दिवशीच मैदानी भागातून चढून आली होती. ती आणणारा ड्रायव्हर भला माणूस, पण थंडीला नवा. चढावर तापमानाचा काटा वर गेला की तो साधं पाणी घालायचा, त्यानं आतलं कूलंट पातळ झालं होतं. गुलाबनं झाकण उघडून पाहिलं. "रंग हिरवा हाय, पण दम न्हाई," तो म्हणाला. आमच्याकडं कूलंटचा एकच डबा शिल्लक होता, तो ओतला. रात्रभर इंजिनावर घोंगड्या टाकल्या.

सकाळी पेशंटला घेऊन निघालो. पुढं माझी गाडी, मध्ये गुलाबची अँब्युलन्स, मागं जवानांची लॉरी. वाटेत वरून बर्फ कोसळायचा धोका असलेला एक उतार होता. ऊन पडायच्या आत तो ओलांडायचा, तिथं थांबायचं नाही, असा हुकूम. बरोबर तिथंच अँब्युलन्स थांबली. वाऱ्यानं रेडिएटर खालून गोठला होता आणि वर इंजिन उकळत होतं.

रेडिओवर कंट्रोल विचारत होता, "गाडी क्यों रुकी? ओव्हर."

"टेम्परेचर ऊपर. पेशंट शिफ्ट करता हूं. ओव्हर," गुलाबचा आवाज.

पेशंट माझ्या गाडीत घेतला. मी म्हणालो, "गुलाब, तू बी बस."

"लॉरी अडकून पडली, साहेब. गाडी बाजूला घेतो. तुमी व्हा पुढं."

उतार ओलांडल्यावर मी उतरलो आणि माझी गाडी पेशंटला घेऊन पुढं पाठवली. मागं जवानांनी आणि त्यानं ढकलून अँब्युलन्स कडेला लावली. लॉरी निघाली. तिला हात दाखवत तो शेवटी चालत येत होता. तेव्हा वरून बर्फ आला. तो पेशंट जवान वाचला. गुलाबला आम्ही उकरून काढलं तेव्हा त्याचा श्वास थांबत आला होता.

विलास उठला. त्यानं बादली उचलली आणि घरामागं नेऊन पालथी घातली.

याडी दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं की नाही, मला कळेना. तिच्या हातात तांब्या होता. पूर्वी बैल घरी आले की तांड्यावरच्या बाया आधी त्यांच्या पायांवर पाणी घालून त्यांना पाजायच्या. जीप दारात आल्यापासून ती तिलाही तसंच करायची. रोज सकाळी थोडं चाकावर, थोडं रेडिएटरमध्ये.

विलासनं रेडिएटरच्या तोंडावर हात ठेवला. "न्हाई याडी. आता हिला पाणी पाजायचं न्हाई."

ती थांबली. मग माझ्याकडं वळली. "माझ्या लेकराच्या तोंडात शेवटचं पाणी कोनं घातलं?"

इतक्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं.

"मी, याडी. बाटलीतलं पाणी गोठलं व्हतं. हातावर बर्फ धरला. वितळला तेवढा त्याच्या ओठावर सोडला."

"गिळलं त्यानं?"

"व्हय. गिळलं."

तिनं पुढच्या चाकावर थोडं पाणी घातलं. उरलेला तांब्या माझ्यापुढं धरला.

"माझ्या गुलाबला पाजलं तुमी," ती म्हणाली. "आता तुमी प्या."

मी खाली बसलो आणि ते पाणी प्यालो.