आप्पांच्या डब्यात उरलेली डबी

आप्पांना राग येत नसे. ते रागातच राहायला असत. जेवायला आणि झोपायला तेवढे बाहेर यायचे. कोरीट गावचा माणूस, आवाज असा की नवापूरच्या डेपोत त्यांनी "थांबाऽ रे!" म्हटलं की महामार्गावर सुरतेकडे निघालेले ट्रक करकचून ब्रेक दाबत आणि पलीकडच्या पोल्ट्रीतल्या कोंबड्या दोन दिवस अंडी देत नसत. एक पोल्ट्रीवाला ही तक्रार घेऊन आमच्या शेठकडे आला होता, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. बुडालेल्या अंड्यांचा आकडा मी दर वेळी थोडा वाढवून सांगतो, तो माझा स्वभाव. पण आज जे सांगणार आहे त्यात मला काही वाढवायची गरज पडणार नाही. त्याचीच तर चीड आहे.

आमच्या शेठची ठेकेदारी होती, अजून आहे. तेल-वायूच्या कंपन्यांच्या डेपोतल्या टाक्या आतून खरवडून साफ करायच्या, रंगवायच्या, पाइपलाइनचे चर खणायचे. आप्पा तिथले मुकादम. मी ऑफिसात बसून पत्रं, निविदा, हजेऱ्या करणारा. आप्पा मला नावाने कधी हाक मारत नसत. "ए कागद्या!" एवढंच. मला त्याचा राग यायचा. पुढे कळलं की त्यांनी नाव फार विचार करून ठेवलं होतं.

रिकामी टाकी रिकामी नसते, हे आप्पांचं पहिलं वाक्य असायचं. डिझेल काढून घेतलं तरी आत वाफ बसून राहते. दिसत नाही. थोड्या वेळाने वाससुद्धा यायचा थांबतो, आणि माणूस खराटा हातात धरून बसल्या जागी झोपतो. म्हणून टाकीच्या तोंडाशी आप्पा एक तीन पुडाचा स्टीलचा डबा घेऊन बसत. आत उतरणाऱ्याने कमरेला दोर बांधायचा आणि आपली तंबाखू-चुन्याची डबी आप्पांच्या हातात द्यायची. बाहेर आला की डबी परत. कुणाच्या डबीला पोचा, कुणाच्या डबीवर नटीचं चित्र, कुणी खिळ्याने बायकोचं नाव कोरलेलं. आप्पा डोळे मिटून, नुसत्या बोटांनी, डबी कुणाची ते सांगत.

"मानूस बायकोले इसरी जाई, पन डबीले इसराव नही," ते म्हणत. "डब्बामा डबी शे, म्हनजे टाकीमा मानूस शे. आते सांग, तुन्हा रजिस्टरले हाई जमस का?"

एकदा मी मोजमाप घ्यायला आत डोकावत होतो, तर मानगूट धरून मागे ओढलं. मी म्हणालो, "आप्पा, मी तंबाखू खात नाही."

"खाऊ नको! तुले कोन खाय सांगस? डबी ठेव." आणि खिशातून एक रिकामी डबी काढून आधी मला दिली, मग माझ्याकडून घेतली. सगळी गँग हसली. मला वाटलं, म्हातारा माझा तमाशा करतोय.

मग ती निविदा आली. मोठी, दोन वर्षांची. तिच्यात लिहिलं होतं की ठेकेदाराकडे दर्जा व्यवस्थापनाचं, म्हणजे नऊ हजार एक नंबरचं, प्रमाणपत्र हवंच. पर्यावरणाचं चौदा हजार एक आणि कामगारांच्या सुरक्षेचं पंचेचाळीस हजार एक असेल तर प्राधान्य. शेठने सुरतेहून सल्लागार बोलावला. सल्लागार म्हणजे काय वर्णावा! बूट इतके चकचकीत की आमच्या ऑफिसातल्या पालीला त्यात स्वतःचा चेहरा दिसला आणि ती लाजून घड्याळामागे गेली. त्याने टेबलावर तिन्ही प्रमाणपत्रांचे नमुने अंथरले. सोनेरी किनार, लाल शिक्का, तिरंगी रिबन.

"हाऊ साहेब काय साड्या इकाले उना का?" आप्पांनी दारातूनच विचारलं.

सल्लागार हसला. आठवड्यात तिन्ही मिळतील म्हणाला. साइटवर कुणी फिरकणार नाही, काम बंद ठेवावं लागणार नाही, फक्त नियमांची पुस्तिका तेवढी करून ठेवा. आप्पा खाली बसले आणि मला म्हणाले, तिघांची माहिती वाचून दाखव. मी वाचली. दर्जाचं ऐकलं, मान हलवली. पर्यावरणाचं ऐकलं, गाळ कुठे टाकतो ते आठवून शेठकडे डोळे वटारून पाहिलं. तिसऱ्यात एक ओळ आली: धोका कुठे आहे हे कामगारांना विचारावं, आणि नियम ठरवताना त्यांना सोबत घ्यावं.

"थांब. परत वाच."

मी परत वाचली.

"शेठ," आप्पा म्हणाले, आणि मी त्यांना इतक्या हळू बोलताना पहिल्यांदा ऐकलं, "तीन नका ल्या. निविदाले लागस ते दर्जानं ल्या, आन् हाई तिसरं ल्या. पन खरं ल्या. साहेबले टाकीवर येवू द्या. पोरेसले इचारू द्या. येळ लागी ते लागू द्या."

शेठ म्हणाले, "आप्पा, निविदेची तारीख थांबणार आहे का?"

तारीख थांबली नाही. थांबवण्याचं काम जगात एकट्या आप्पांनाच जमायचं.

पुस्तिका मी केली. म्हणजे सल्लागाराने दुसऱ्या कुणाची तरी जुनी पुस्तिका दिली आणि मी तिच्यातलं नाव काढून आमचं घातलं. ती समुद्रात तेल काढणाऱ्या कुठल्याशा ठेकेदाराची होती. न वाचता दीडशे पानं छापली. आप्पांनी आग्रह धरला म्हणून एक दिवस टाकीजवळ गँगला वाचून दाखवायला बसलो, तर आठव्या पानावर निघालं: वादळाची सूचना मिळताच सर्वांनी लाइफबोटीत बसावं. नवव्या पानावर: हेलिकॉप्टर उतरताना टोप्या सांभाळाव्यात.

गँग लोळायची बाकी राहिली. आप्पा हसले नाहीत.

"आपला डेपोमा हेलिकॉप्टर कोठे उतरस रे कागद्या? पोल्ट्रीवर? आन् बोट कोठे चालावशी, रंगावली नदीमा? उन्हायामा तठे म्हैस बुडत नही!" मग त्यांनी पुस्तिका माझ्या हातातून घेतली आणि विचारलं, "येनामा मन्हा डब्बा कोठे शे?"

कुठेच नव्हता.

प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा तपासनीस आला तो ऑफिसातच बसला, जेवला, फोटो काढले. जाता जाता गाडीतून साइट पाहू म्हणाला आणि नेमका आप्पांच्या डब्यापाशी उतरला. तेल-वायूच्या डेपोत तंबाखूच्या आठ डब्या! दीडशे पानांत हेलिकॉप्टर होतं ते त्याला खटकलं नाही, हे खटकलं. त्याने एकच दोष काढला आणि मी तो तत्परतेने दुरुस्त केला. डब्या फाटकावर जमा करायच्या, दुपारच्या सुट्टीत परत घ्यायच्या. टाकीपाशी रजिस्टर: नाव, आत, बाहेर, सही. सल्लागाराच्या तक्त्यात आप्पांसाठी चौकट नव्हती, कारण त्यांच्याकडे शिक्षणाचा कागद नव्हता. 'सुरक्षा व्यवस्थापक' या चौकटीत माझं नाव गेलं. आप्पा फाटकावर बसले, डब्या जमा करायला.

आणि सही? मी ऑफिसात, टाकी लांब. मी सकाळीच दोन्ही रकान्यांत सह्या करून ठेवायचो. आत आठ. बाहेर आठ. माणसं अजून चहा पीत असायची आणि माझ्या कागदावर ती टाकीतून सुखरूप बाहेर आलेली असायची.

त्या दिवशी मी साइटवर होतो, तेही फोटो काढायला. दुपारची सुट्टी झाली. आत काम करणारे फाटकाकडे आले, आपापली डबी घेऊन झाडाखाली बसले. मी टाकीपाशी कॅमेरा लावत होतो. तेवढ्यात फाटकाकडून तो आवाज आला. शपथेवर सांगतो, त्या दिवशी कोंबड्यांचं काय झालं मला माहीत नाही.

"थांबाऽऽ! आठ डब्या लिध्यात, सात गयात! टाकी मझार कोन शेऽ?"

साठीचा माणूस पळत येत होता, हातात एक डबी. मी रजिस्टर उंच धरलं. देवा, मी रजिस्टर उंच धरलं! "आप्पा, आठही बाहेर आलेत, सही आहे!"

त्यांनी पळता पळताच माझ्या कानाखाली वाजवली. रजिस्टर एकीकडे, मी एकीकडे. डबीवर खिळ्याने बायकोचं नाव कोरलेलं होतं. दित्याची. दित्या नवापूरच्या डोंगरातला, दोन लेकरांचा बाप, गँगमधला सगळ्यात मुका माणूस. हाक मारली तरी ओ द्यायला लाजणारा. जीव गेला असता तरी त्याने आतून हाक मारली नसती.

गँगमधले दोघे टाकीत उडी घ्यायला निघाले. आप्पांनी त्यांना आडवं होऊन अडवलं. "कोनी उतरू नका! जो उतरी त्याना तंगड्या तोडसू! येकना चार मुडदा करशात का?" पंखा लावला. तपासणीसाठी आणलेला हवेचा मुखवटा तसाच प्लास्टिकमध्ये होता, फोटोपुरता. आप्पांनी ते प्लास्टिक दातांनी फाडलं, मुखवटा चढवला, कमरेला दोर बांधला. आणि मग, पुढे ऐका, स्वतःची डबी काढून माझ्या हातात दिली. त्या घाईत! कानाखाली मारलेल्या माणसाच्या हातात!

त्यांनी दित्याला बाहेर काढलं. डोळे पांढरे, ओठ निळे. दवाखान्यात संध्याकाळी त्याने डोळे उघडले, आणि त्या मुक्याने बायकोचं नाव घेतलं नाही, देवाचं घेतलं नाही. म्हणाला, "आप्पा, मन्ही डबी?"

"हाई ले," आप्पा म्हणाले. "आते खरा बाहेर उना तू."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शेठ म्हणाले, "माणूस वाचला ना? मग कंपनीला कळवायची घाई नको. निविदा तोंडावर आहे." मी मान खाली घातली. आप्पांनी भिंतीकडे पाहिलं. सोनेरी किनारीची तिन्ही प्रमाणपत्रं लावून झाली होती.

"कागद्या, ह्या कागदवर दित्या बाहेर व्हता. मी कागदवर भरोसा ठेवता ते त्यानी बायको आज बांगड्या फोडती."

मग ते सरळ कंपनीच्या इंजिनिअरकडे गेले आणि सगळं सांगून आले. काम थांबलं. चौकशीत कळलं की ज्या संस्थेने प्रमाणपत्रं दिली तिला तशी मान्यताच नव्हती. निविदा गेली. सल्लागाराचा फोन लागेना. बहुतेक लाइफबोटीत बसून गेला. शेठ आप्पांवर ओरडले. आप्पा उलट ओरडले नाहीत, तेव्हाच मी ओळखलं की हे चालले. निघताना मी त्यांची डबी पुढे केली, त्या दिवसापासून माझ्या खिशातच होती. त्यांनी हात लावला नाही.

"ऱ्हाऊ दे तुन्हाकडे. मी बाहेर पडनू, पन मन्ही डबी आठेच. बठा सुखे बाहेर येतीन त्या दिन ली जासू." बठा, म्हणजे सगळे.

शेठना अक्कल उशिरा आली, पण आली. दुसरं कुणी काम देईना म्हणून आली असेल, तेही सांगून टाकतो. या वेळी आम्ही दोनच प्रमाणपत्रं निवडली, दर्जाचं आणि सुरक्षेचं, मान्यता असलेल्या संस्थेकडून. सहा-सात महिने लागले. पुस्तिका मी गँगसोबत बसून लिहिली, तीस पानं झाली, समुद्र नाही. तपासायला बाई आल्या. त्यांनी ऑफिसात चहासुद्धा घेतला नाही, टाकीपाशी तासभर उभ्या राहिल्या आणि दित्याला विचारलं, "सगळे बाहेर आले हे तुम्हाला कसं कळतं?" मुक्या दित्याने स्टीलचा डबा उघडून दाखवला. आता तो डबा दित्याच सांभाळतो. तंबाखू गेटबाहेर रिकामी करायची, रिकामी डबी टाकीपाशी द्यायची, असं गँगनेच ठरवलं होतं. बाईंनी सगळं लिहून घेतलं.

मी प्रमाणपत्राची नक्कल घेऊन कोरीटला गेलो. आप्पा अंगणात मिरची वाळत घालत होते. सोबत नेलेल्या पुस्तिकेतला डबीचा नियम वाचून दाखवला.

"कागदवर उनं का?" ते म्हणाले. "मंग आते जास्ती ध्यान ठेव. कागदवर उनं का लोके दखनं सोडी देतस."

मी पुन्हा डबी पुढे केली. मिरची पसरवता पसरवता म्हणाले, "आजून कोठे? जाय, काम कर."

गेल्या हिवाळ्यात आप्पा गेले. झोपेत, शांतपणे. त्यांनी आयुष्यात शांतपणे केलेलं हे एवढंच काम. निरोप आला तेव्हा आम्ही टाकीवर होतो. मला आत उतरून पाहायचं होतं. मी अजूनही तंबाखू खात नाही. कमरेला दोर बांधला, आप्पांची डबी दित्याच्या हातात ठेवली. त्याने बोटांनी चाचपली, ओळखली, आणि डब्यात टाकली.

मी बाहेर आल्यावर त्याने ती मला परत दिली. आप्पांच्या हातात ती कधी परत गेलीच नाही. आप्पांच्या हिशेबाने ज्याची डबी परत गेली नाही, तो माणूस अजून आत आहे.