फर्स्ट कॉपी

“मॅडम, पाठीवरचा शॉट अजून दोन सेकंद धरा. कपडा नीट दिसू दे.”

क्लायंट माझ्या खुर्चीमागे उभा राहून बोलत होता. क्लायंट म्हणजे तरुणांसाठी ढगळ टी-शर्ट, हुडी, टोप्या बनवणाऱ्या एका कंपनीचा मार्केटिंग मॅनेजर. खुर्चीमागे उभे राहणारे क्लायंट मला मुळीच आवडत नाहीत. तरी मी शॉट धरला. वीस वर्षं व्हिडिओ एडिटिंग करतेय, त्यातली बारा सासू-सुनांच्या मालिकांत गेली. तिथे नुसतं डोळे वटारण्याला पाच-पाच सेकंद दिलेत. इथे दोन द्यायला माझं काय जात होतं?

माजिवड्याच्या आमच्या ऑफिसात या कंपनीसाठी छोट्या डॉक्युमेंटरींची सिरीज चालू होती. फिल्म सहा मिनिटांची, प्रत्येकीत एक रॅपर. ही चौथी, विठ्ठलवाडीच्या प्राजक्ताची. मला रॅपमधलं ओ की ठो कळत नाही. पण फुटेज बघता बघता ही पोरगी मला आवडायला लागली.

तिचं स्टेजवरचं नाव ‘सतरा नंबर’. तिची आई शोभाताई उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात शिवणकाम करते. तिथे बायकांना नावाने नाही, मशीनच्या नंबराने हाक मारतात. ‘ए सतरा, माल दे.’ प्राजक्ताचं पहिलं गाणं त्यावरच होतं. मग शोसाठी आईने तिला काळी हुडी शिवून दिली. पाठीवर जीन्सच्या चिंध्या कापून मोठा १७ लावला, जीन्सच्याच नारिंगी दोऱ्याने. १ या आकड्याच्या शेपटीपाशी सुई मोडली आणि टाका वाकडा गेला. उसवायचा कंटाळा, म्हणून तिने त्यावरच दुसरा टाका मारला. “मिष्टेक झाली,” ती कॅमेऱ्यासमोर हसत म्हणाली, “पण पोरीला तीच आवडली.” कळव्याच्या शोला पोरं आपापल्या टी-शर्टवर मार्करने १७ काढून आली होती. शेपटी मुद्दाम वाकडी.

फिल्म लॉक झाली. लॉक म्हणजे कापाकापी बंद. मग रंग आणि आवाज नीट बसवून जी पहिली तयार प्रत निघते, तिला आमच्या धंद्यात फर्स्ट कॉपी म्हणतात. ती निघाली त्याच दिवशी क्लायंटचा मेल आला. पाठीच्या शॉटचे स्टिल पाठवा, मोठ्यात मोठ्या साइझमध्ये, पोस्टरसाठी. स्टिल म्हणजे व्हिडिओतून काढलेला फोटो. मी तीन काढले. इतके स्वच्छ, की टाका न् टाका दिसावा. कशाला हवेत एवढे मोठे, हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

चार महिने फिल्म बाहेर आलीच नाही. आधी आली कंपनीची नवी हुडी. काळी, पाठीवर जीन्सच्या कापडाचा १७, नारिंगी दोरा. आठ दिवसांनी फिल्म आली आणि ती त्या हुडीची जाहिरात वाटायला लागली. मी मोबाइलवर हुडीचा फोटो मोठा करून बघितला. शेपटीवर दुहेरी टाका, वाकडा, अगदी त्याच जागी. कॉपी करणारं पोरगंसुद्धा परीक्षेत दुसऱ्याची चूक जशीच्या तशी उतरवत नाही. तो टाका कंपनीकडे कुठून गेला हे मला माहीत होतं. मी काढलेल्या स्टिलमधून.

दुसऱ्या दिवशी प्राजक्ताचा फोन आला.

“ताई, डोंबिवलीच्या शोला एक फॅन आलेला, ती नवी हुडी घालून. मला बोलला, दीदी, तुझीवाली फर्स्ट कॉपी आहे ना? उल्हासनगरची?”

बाजारात फर्स्ट कॉपी म्हणजे ब्रँडच्या मालाची हुबेहूब नक्कल, आणि उल्हासनगर त्यासाठी प्रसिद्ध.

“मग तू काय म्हणालीस?”

“माझ्या आईने शिवलीय बोलली, तर सगळे हसायला लागले. ताई, त्यांनी फोटो तुमच्याकडूनच मागवले असतील ना? तो मेल द्या ना मला. तारीख असेल त्याच्यावर. पुढचं मी बघून घेईन.”

“बघते,” मी म्हणाले.

आमच्या ऑफिसात ‘बघते’ म्हणजे नाही. हे तिला कुठून माहीत असणार?

मी केदारला विचारलं. केदार आमचा प्रोड्यूसर. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण बॉस.

“मेल ऑफिसचा आहे, मॅडम. कॉन्ट्रॅक्टमध्ये सगळं गोपनीय. आणि अजून दोन फिल्म बाकी आहेत आपल्या.”

“अरे, सरळ सरळ चोरी आहे ही!”

“इन्स्पिरेशन म्हणतात त्याला. शिवाय तिने शूटिंगच्या फॉर्मवर सही केलीय.”

“शूटिंगच्या. हुडीच्या नाही.”

“ते वकील बघतील. तुम्ही पाचवी लावा.”

मी पाचवी लावली. भित्री आहे मी, दुसरा शब्द नाही. प्राजक्ताचे आणखी दोन फोन आले, ते उचलले नाहीत. मग यायचेच बंद झाले.

पाचवी फिल्म लॉक झाल्यावर मला माझीच लाज वाटायला लागली. मेलची प्रिंट काढली आणि रविवारी विठ्ठलवाडीला गेले.

“जयभीम मॅडम, या,” शोभाताईंनी दार उघडलं. प्राजक्ता आतल्या खोलीत होती, ती बाहेर आली नाही.

मी कागद पुढे केला. काय आहे ते सांगितलं. शोभाताईंनी तो बघितला, घडी घातली आणि परत दिला.

“आता नको मॅडम. ऑर्डर आमच्याच कारखान्यात आलीय.”

“कसली ऑर्डर?”

“त्याच हुडीची. सगळ्या मशीनींवर तेच चाललंय. आता पोरीने तक्रार केली आणि माल बंद झाला, तर बाकीच्या बाया मला काय बोलतील?”

मी कागद पर्समध्ये ठेवला.

“पाठीवरचं काम मलाच दिलंय,” त्या म्हणाल्या. “पहिल्या दिवशी मी शेपटी सरळ शिवली. हात बसलाय ना आता, चुकत नाही. तर मास्तरने गठ्ठाच्या गठ्ठा आल्टरला टाकला.” आल्टर म्हणजे चुकलेला कपडा उसवून पुन्हा शिवायचा. “बोलला, ए सतरा, सँपल बघ. वाकडी पाहिजे.”

“तुम्ही सांगितलं नाहीत का, की ते सँपल मुळात तुमचंच आहे?”

“सांगितलं ना. तोही हसला.”

आतून प्राजक्ताचा आवाज आला, “आई, त्यांना चहा दे आणि जाऊ दे.”

चहा घेतला आणि निघाले. तो कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. प्राजक्ताने मागितला त्या दिवशी तो हुडीवाल्यांना अडचणीचा ठरला असता. मी नेला तोवर तो शोभाताईंनाच अडचणीचा झाला होता.

आता नवीन एडिटर जॉइन झाले की मी त्यांना सांगते, कुणी मोठे स्टिल मागितले तर आधी कशाला हवेत ते विचारा. आणि कुणी मदत मागितली, आणि करायची नसली, तर ‘बघते’ म्हणू नका. तोंडावर ‘नाही’ म्हणा. म्हणजे ते माणूस वेळेत दुसरं दार तरी ठोठावतं.