आईचा बीपी
आईच्या दंडाला बांधलेला मशीनचा पट्टा घुर्र करत फुगू लागला, की मला परभणीचा तो दवाखाना आठवतो. तिच्या छातीत कळ आली तेव्हा बोरीहून मीच तिला जीपमध्ये घालून नेलं होतं. हृदयातली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सलाइनमधून चालू होतं आणि पडद्यावर नाडी मंदावत होती, बीपी घसरत होता. आईचा तळहात ओला, गार पडला. "या औषधानं होतं असं. पाय वर धरा, येईल बीपी हळूहळू," सिस्टर म्हणाल्या. मी पाय उचलून धरले. तिच्या टाचांच्या भेगा मनगटाला टोचत होत्या. आकडे सावरायला लागले आणि तेवढ्यात मानवतहून मोठा भाऊ आला, कडक इस्त्रीच्या शर्टात, अत्तराचा वास घेऊन. आईनं डोळे उघडले. "माझा थोरला आला. आता मला काय होत न्हाई." सिस्टरही हसल्या, "बघा, मुलाला बघून बीपी वर आला." मी अजून पाय धरूनच उभा होतो आणि आतून जळत होतो. आजही मी बीपी मोजायला पट्टा बाहेर काढला की आई हात मागे घेते. "थांब जरा. थोरल्याचा फोन येऊ दे, मग मोज. बीपी चांगला येतोय."