दवाईनं निघणारी पपडी

बाबा कोराडीच्या वीज केंद्रात बॉयलरवर होते. त्यांच्या मूत्रपिंडात कॅल्शियमचा खडा झाला तेव्हा मी नागपूरला एमएस्सी करत होते आणि घरात शास्त्र मला एकटीलाच कळतं, अशी माझी समजूत होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, लवकर ऑपरेशन करा, नाहीतर मूत्रपिंड हातचं जाईल. बाबा ढिम्म हलत नव्हते.

माझं काम एटीपीवर होतं. प्रत्येक जिवंत पेशीत असणारा हा फॉस्फेटचा पदार्थ कॅल्शियमसारख्या धातूला धरून पाण्यात विरघळलेला ठेवतो. कॅल्शियमच्या क्षाराने दुधाळ झालेल्या पाण्यात एटीपी टाकलं की पाणी निवळतं. आपली मुलगी करते तरी काय हे बाबांना दिसावं, म्हणून एका शनिवारी थर्मासात बर्फावर ठेवून ते मी बसने घरी आणलं आणि त्यांच्यासमोर काचेच्या परीक्षानळीतलं दुधाळ पाणी निवळून दाखवलं. कौतुक राहिलं बाजूला.

"हेच दे न मले," बाबा म्हणाले. "बॉयलरात पाण्याच्या खाराची पपडी जमते, ते आम्ही दवाईनं काढतो. त्यासाठी कोणी बॉयलर फाडते काय?"

"बाबा, पोटात गेलं का ते तुटते. अन् तसंही तुमच्या अंगात ते भरपूर हाये."

"अंगातच हाये, तं थोडं अजून द्याले काहून कंजुशी करून राहिली वं?"

मला राग आला. नळी खिडकीत उभी राहिली. ऑपरेशनचं नाव काढलं की बाबा तिच्याकडे बोट दाखवत. मी त्याला हट्ट म्हणत होते. मूत्रपिंड जाईल या भीतीने माझी झोप उडाली होती.

वैशाखाचं ऊन, त्यात नळीला ना बर्फ ना बूच. पुढच्या खेपेला आले तर पाणी पुन्हा गढूळ आणि तळाशी पांढरा गाळ. उकाड्याने आणि हवेतल्या जंतूंनी एटीपी तुटलं होतं, त्याने धरलेलं कॅल्शियम सुटलं होतं. हे समजावायला मी तोंड उघडलं, तर बाबांनी हातानेच थांबवलं. नळी उजेडात धरून त्यांनी हलवली, गाळ बसू दिला. बॉयलरचं पाणी ते असंच तपासत असावेत.

"दवाई मेली," ते म्हणाले. "मंग बॉयलर खोलाच लागते."

त्यांनी नळी माझ्या हातात दिली.

"डॉक्टरले सांग. पण तू तिथंच उभी राहजो वं. मले भेव लागते."