रिकाम्या खुर्चीला मुजरा

संस्थानाच्या राजधानीत, लष्कर नावाच्या भागातल्या सभागृहात माझं पहिलंच भाषण होतं. मी शाळेत नवा मास्तर. पाहुणे म्हणून येणाऱ्या सरदारांचं स्वागत फसलं तर नोकरीचं काही खरं नव्हतं. म्हणून दुपारीच तालीम करायला गेलो, तर आत सतरंज्या-खुर्च्या मांडणारा एक म्हातारा फर्राश प्रत्येक खुर्चीत बसून बघत होता. सरदारांच्या खुर्चीत त्यानं छाती फुगवली, मिशी पिळली, मान टाकून चक्क घोरून दाखवलं. मग उठून त्याच रिकाम्या खुर्चीला लवून मुजरा केला.

"हे काय?" मी विचारलं.

"मोठ्यांच्या जागेवर बसलो, माफी नको मागायला? अन् सभेत कुर्ची मोडली तर इज्जत कुणाची जाईल, बताइए!"

मग घर दाखवावं तसं त्यानं सभागृह दाखवलं. आधी इथे हत्ती बांधायचे, म्हणून दरवाजे एवढे उंच. वर बायकांसाठी बांबूच्या चिकाचे पडदे लावलेला सज्जा. आणि नवे विजेचे पंखे! त्यानं बटण दाबलं मात्र, माझं भाषण पानापानानं उडालं. खुर्च्यांमधून पानांमागे धावताना आम्ही दोघं पोट धरून हसलो.

"मास्तरसाहेब, आवाज मागच्या बाकांपर्यंत पोचवा. पुढचे तो सो ही जाएँगे."

संध्याकाळी सरदार आले. छाती फुगली, मिशी पिळली गेली, तिसऱ्या वाक्याला मान पडली. मला हसू फुटलं, भीती पळाली, आणि मी मागच्या बाकांसाठी मोकळ्या गळ्यानं बोललो. टाळ्या कडाडल्या.

दाराशी उभ्या फर्राशानं लवून मुजरा केला. कोण सरदार आले म्हणून मी चटकन मागे वळून पाहिलं. मागे नुसती भिंत होती.