मुरूम लागला, आप्पा

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. फोनवर आईलाही नाही. तुम्हाला सांगतोय—आणि सांगताना सारखं मागं वळून बघतोय.

माझं गाव तिकडं गोंदियाकडं. सातवीत शाळा सोडली, तेरखेड्याला फटाक्यांच्या कामावर आलो आणि तिसऱ्या दिवशी भिऊन पळालो. येडशीच्या रस्त्यावर आप्पांचं चहाचं हॉटेल. कुठला, कुणाचा—काही विचारलं नाही त्यांनी. त्यांच्या घरच्या काकूंनी भाकरी वाढली. अजून वाढतायत.

हॉटेलाला वाऱ्याचा आडोसा हवा होता. आप्पांनी गोदामातनं जुनी पॅलेटं आणली—पोत्यांच्या थप्पीखाली घालतात त्या लाकडी चौकटी. खिळे सरळ करायचे, चौकटी उभ्या धरून जमिनीत रोवलेल्या लाकडी डांबांना ठोकायच्या, झाली भिंत. सोपं काम. पण डांब? इथली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हात फाटते. खाली घट्ट मुरूम लागेस्तोवर खणायचं, नाहीतर डांब धरत नाही. मला बजावून सांगितलं होतं.

मी हातभरच खणलं.

"मुरूम लागला का रं?" आप्पांनी गल्ल्यावरनंच विचारलं.

"लागला, आप्पा."

"एवढ्यात? तुला भेटायला वर आला व्हय?"

गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो. का बोललो तसं? हळू काम करतो म्हणून काढून टाकतील, ही भीती—पण आप्पांनी कधी कुणाला काढलं होतं?

एवढ्यावर थांबलं असतं तरी... नाही, ऐका. पाऊस सरला, जमीन भेगाळली, डांब हलायला लागले. मी पाहिलं. गुपचूप भेगांत दगड ठोकले. आप्पा दुपारी त्याच भिंतीच्या सावलीत बाज टाकून पडायचे. रोज वाटायचं, आज सांगावं. रोज चहा नेऊन द्यायचो—आणि परत यायचो.

वावटळ आली आणि भिंत त्यांच्या अंगावर गेली. मी पळत जाऊन ती उचलली, पण मांडीचं हाड मोडलं होतं. सगळे त्यांना घेऊन दवाखान्यात गेले. मी मागं राहिलो, आणि काय केलं माहितीय? डांबांवर मातीचा डाग हातभरच होता. कुणीही बघितलं असतं तर कळलं असतं. करवत घेऊन मी डांबांची बुडं कापली, सरपणात लपवली. आप्पा घरी आले तेव्हा तीच चुलीत घालून त्यांचं अंग पुसायला पाणी तापवलं.

"झकास तापलंय," म्हणाले.

आता काठी टेकत चालतात. "वाऱ्यावर काय केस करायची?" म्हणून हसतात. गिऱ्हाइकांना सांगतात, या पोरानं एकट्यानं भिंत उचलली, म्हणून वाचलो. काकू माझ्या ताटात तूप जास्त वाढतात.

परवा त्यांनीच पहार हातात दिली. त्याच जागी नवी भिंत. कंबरेइतकं खणलंय, मुरूम कालच लागला. आप्पा समोरच बसून होते, खड्ड्याकडं बघत.

या वेळी त्यांनी विचारलंच नाही.