तेहतीस भोकांचं वाण

आमच्या घरात गोडाची फॅशन तीन वर्षांनी एकदा बदलते, कारण अधिक महिना तेवढ्यानंच येतो. त्या महिन्यात जावयाला तेहतीस गोड वस्तूंचं वाण द्यायचं आणि त्या जाळीदार, म्हणजे भोकं असलेल्या हव्यात, एवढाच नियम. माझ्या वडिलांना बत्तासे मिळाले. आमच्या ह्यांना माझ्या आईनं अनारसे दिले (ते मी केले होते, याची नोंद असावी). मोठ्या बहिणीच्या जावयाला मैसूरपाक मिळाला, मधलीच्या जावयाला घेवर. गोड बदलत गेलं, भोकं तेवढी राहिली.

यंदा माझी पाळी होती. माझ्या लेकीच्या, पूर्वाच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक महिना, आणि माझ्या अनारशांचं नागपूरच्या अख्ख्या सक्करदऱ्यात नाव आहे. मी तांदूळ भिजवायला काढले तोच पूर्वाचा मिहानच्या ऑफिसातून फोन.

"आई, अनारसे नोको करू वं. आजकाल कोणी खाते का? डोनट दे. त्याले भोक असतेच."

वर ती म्हणाली, दुकानातून मागवून घे. ते मात्र शक्य नव्हतं. तिच्या सासूबाई काटोलच्या. नागपूरच्या बायका सगळं विकत आणतात, असं त्या लग्नाच्या मांडवातच बोलून गेल्या होत्या, आणि वाणाला त्या जातीनं येणार होत्या. म्हणजे डोनट घरचेच हवेत, तेहतीस हवेत आणि भोकासकट हवेत, नाहीतर काटोलभर माझी शोभा! पण जिनं चाळीस वर्षं अनारशाला जाळी पाडली, तिला मैद्याला एक भोक पाडणं काय जड जाणार, असा माझा हिशेब होता.

मोबाइलवर व्हिडिओ लावून मी मैद्यात यीस्ट घालून पीठ भिजवलं. व्हिडिओतली मुलगी म्हणाली, दोन तास झाकून ठेवा. ती कुठल्यातरी थंड गावची असावी. नागपूरच्या मे महिन्यात ते पीठ अर्ध्या तासात झाकण डोक्यावर घेऊन उभं राहिलं! घाईघाईनं मी चकत्या कापल्या, बाटलीच्या झाकणानं भोकं पाडली आणि तेलात सोडल्या. चकत्या फुगल्या. छान फुगल्या. इतक्या फुगल्या की सगळी भोकं बुजली. परातीत तेहतीस गुलगुले पडले होते आणि पाहुणे यायला दोन तास उरले होते. मी चक्क डोळ्याला पदर लावला.

तेवढ्यात हे पाणी प्यायला आत आले. हे आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवून निवृत्त झालेत. स्वयंपाकघराशी त्यांचा संबंध पाण्यापुरताच.

"काहून रडून राहिली वं? भोकंच पाडाचे आहेत ना?" असं म्हणून ते गेले आणि जाडं गिरमिट घेऊन आले.

गिरमिट मी दोनदा घासलं, तीनदा उकळलं. ह्यांनी पट्टी लावून प्रत्येक डोनटचा मध्य काढला. तरी पहिल्या आठ डोनटांत भोक बोटभर बाजूला गेलं. ते काही ह्यांना सहन होईना, म्हणून त्या आठांना पुन्हा मधोमध दुसरं भोक पाडलं. मग मी वितळलेलं चॉकलेट ओतलं, डोनट ताटात रचले, आणि लाइट गेली. कूलर बंद पडला. पाहुणे दारात आले तोवर सगळं चॉकलेट भोकांतून खाली उतरून तळाशी साचलं होतं आणि त्यात तेहतीसच्या तेहतीस डोनट एकमेकांना घट्ट चिकटले होते.

मी तसंच ताट पुढे केलं, निरांजन लावलं. विहीणबाईंनी चष्मा लावला.

"हे तेहतीस कुठं हायेत? हे तर एकच हाय."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पूर्वा छताकडे बघू लागली. पण विहीणबाईंनी स्वतःच विचार केला आणि तोड काढली. नग मोजता येत नसतील तर भोकं मोजू, म्हणाल्या. भोकं अगदी स्वच्छ दिसत होती. त्यांनी बोट ठेवून ठेवून एक्केचाळीस मोजली.

"देवाले कमी चालत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या, "जास्त चालते."

मग सुरीनं कापून जावयानं पाच तुकडे खाल्ले आणि आपल्या सासूबाई नवीन काय काय करतात म्हणून फोटो काढला. घरी केलं का, असं विहीणबाईंनी दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हणाले. अहो, त्या दिवशी माझा जीव सुपाएवढा झाला! आमच्या घराण्यात बत्तासे झाले, अनारसे झाले, पण एक्केचाळीस भोकांचं वाण माझ्याआधी कोणी दिलेलं नाही.

चारच दिवसांत काटोलहून एका अनोळखी बाईचा फोन आला. विहीणबाईंनी नंबर दिला होता म्हणे. मी घसा साफ केला, बैठक मारली आणि मैद्याच्या प्रमाणापासून सुरुवात केली. तिनं मला मध्येच थांबवलं.

"ते असू द्या काकू. काका हायेत का घरी? भोकं त्यायनंच पाडले म्हणे ना?"

तेव्हापासून फोन ह्यांनाच येतात. माझ्याकडे गिरमिट घासायचं काम आहे.